मुरबाडला ठेवून येतो

आधी फोन तापायला लागला आणि मग सकुबाई. फोनचं तापणं महिनाभरातलं होतं. सकुबाईचं तापणं किन्हवलीच्या आसपासच्या चार गावांना ती लग्न होऊन आल्यापासून ठाऊक होतं, त्यामुळे त्याची कुणाला काळजी नव्हती.

फोन तसा जुनाच. साईनाथने कल्याणच्या कंपनीत लागल्यावर स्वतःसाठी घेतलेला आणि दोन वर्षं वापरून आईला दिलेला. त्यालाही आता चार पावसाळे झाले. एका कोपऱ्यात काच तडकलेली. चार्जरची पिन डावीकडे दाबून वर रबरबँड गुंडाळला तरच तो चार्ज व्हायचा, आणि ही कला घरात एकट्या सकुबाईला येत होती. आता मात्र तो रबरबँडलाही दाद देईना. दोन तास लावून ठेवला तर तव्यासारखा तापायचा आणि चार्जिंगचा आकडा होता तिथेच.

"आये, नवीन घेऊ," साईनाथ म्हणाला.

दुसरी एखादी बाई हरखली असती. सकुबाईने पदर खोचला आणि विचारलं, "का?"

"का म्हंजे? मेलाय तो."

"मेला नाय, आजारी हाय. दुरुस्त कर."

तिच्या त्या 'का'मागे बरंच काही होतं. गेल्याच महिन्यात सुनेने, प्रियांकाने, सहज विचारल्यासारखं विचारलं होतं, "आई, तुमचा पॅटर्न काय?" म्हणजे फोन उघडायला बोटाने जी रेघ ओढतात ती. ती रेघ पदराआड हात घेऊन ओढायची सवय सकुबाईने तेव्हापासून लावून घेतली. नवीन फोन आला तर तो चालू कोण करणार? प्रियांका. त्यात नंबर कोण भरणार? तीच. मग सकुबाई कुणाला फोन करते, किती वेळ बोलते आणि सुनेबद्दल काय बोलते, ते सगळं सुनेच्या हातात. फोनमधून असं काही कळतं की नाही हे सकुबाईला माहीत नव्हतं. पण कळत नाही असंही तिला कुणी छातीठोकपणे सांगितलं नव्हतं.

बरं, दुरुस्तीवर तरी विश्वास असावा, तर तोही नाही. दुकानदार फोन उघडतात, आतला चांगला माल काढून घेतात आणि हलका भरून परत देतात, हे तिने बचत गटातल्या बायकांकडून पक्कं ऐकलं होतं. म्हणून साईनाथ एका सकाळी कामावर जाताना फोन शहापूरला दाखवायला घेऊन निघाला, तेव्हा तिने आधी खिळा घेऊन त्याच्या पाठीवर ठसठशीत 'स' कोरला.

"आये, वरून कोरून काय उपयोग? माल तर आतला काढतात," साईनाथ हसून म्हणाला.

म्हणजे माल काढतात हे त्यालाही माहीत होतं. सकुबाईने तेवढं लक्षात ठेवलं.

इकडे आईला आयस म्हणतात. साईनाथची आयस, साईनाथच्या आयशीला बोलवा, असं. सकुबाईला नावाने हाक मारणारं गावात आता शेजारच्या लहानीशिवाय कुणी उरलं नव्हतं. बाकी सगळ्यांची ती साईनाथची आयस. त्यामुळे तो शब्द कुठे कानावर पडला की तिचं लक्ष हातातलं काम सोडून तिकडे जायचं.

त्या संध्याकाळी साईनाथ कामावरून आला, फोन गुपचूप फळीवर ठेवला आणि ओट्यावर जाऊन स्वतःच्या फोनवर बोलत उभा राहिला. सकुबाई आत तांदूळ निवडत होती. मधे भिंत, त्यात शेजाऱ्यांची पाण्याची मोटर घरघरत होती. बोलणं तुटक येत होतं, पण येत होतं.

"नाय हो, शहापूरवाल्यानं हात वर केले. म्हणला, आयशीचं काय खरं नाय आता."

सकुबाईचा हात सुपातच थांबला.

"गरम व्हते हो. जरा काय झालं का तापली. हात लावायची सोय नाय."

मोटरने मधलं एक वाक्य खाल्लं.

"जुनीच हाय ना. कवर चालंल? प्रियांका तर म्हणते, तिच्यावर आणखी खर्च कशाला?" मग तो बराच वेळ नुसता हं हं करत राहिला. शेवटी म्हणाला, "मंग येतो ना रविवारी मुरबाडला घेऊन. तुमच्याकडं ठेवून जातो. जमलं तर बघा. नायच जमलं तर राहू द्या तिकडंच, परत आणून काय करू?"

एरवी तिला आधी राग यायचा आणि बाकीचं सगळं मागून. या वेळी रागाचा पत्ताच नव्हता. ती सुपातले तांदूळ एका बाजूचे दुसऱ्या बाजूला करत राहिली. खडे होते की नव्हते, तिला दिसतच नव्हतं.

मुरबाडला काय आहे? सरळगाव सोडून मुरबाडकडे जाताना उजव्या हाताला वृद्धाश्रमाची एक निळी पाटी आहे. वर दोन हात जोडलेल्या म्हाताऱ्यांचं चित्र. एसटीतून जाताना ती पाटी सकुबाईने कितीदा पाहिली होती आणि दर वेळी शेजारच्या बाईला ऐकू जाईल अशा आवाजात म्हटलं होतं, "काय पोटची पोरं म्हणायची ही!" आता ती पाटी तिच्या डोळ्यांपुढून हलेना.

दुसऱ्या दिवशी तिने लहानीला गाठलं. लहानी सल्ला मागायला वाईट बाई नव्हती, फक्त तिच्याकडे घाबरत गेलेलं माणूस दुप्पट घाबरून परत यायचं.

"तुज्या तोंडावर काय बोलला का तो?" लहानीने विचारलं.

"तोंडावर एवढंच म्हणला का रविवारी मुरबाडला जायचंय, फोन दाखवाय. तू पण चल, म्हणला."

"फोन दाखवायला तू कशाला गो?"

"तेच ना! नवीन घ्यायचा झाला तर तुज्या पसंतीनं घेऊ, म्हणला. आधार कार्ड घे म्हणतो बरोबर. सिमकार्डला लागतंय."

"आधार?" लहानीने तोंडावर हात ठेवला. "आधार मागितलं? मंग झालं, सकू. तिकडं भरती करताना पयलं आधारच घेतात."

"तुला काय ठाव?"

"आता कुठंबी जा, आधारच घेतात ना?"

लहानी पुढे म्हणाली, "तू एवढी भांडकुदळ, तू आरडाओरडा का नाय करत? चार माणसं गोळा कर. विचार त्याला ओट्यावर उभं करून." गोष्ट खरी होती. धाकट्या दिराशी बांधावरून भांडताना सकुबाईने डोळखांबपर्यंत ऐकू जाईल असा आवाज लावला होता. पण या वेळी "बघू," एवढंच म्हणून ती घरी आली, आणि लहानी कोड्यात पडली.

रविवार उजाडेपर्यंत घरात जे जे घडलं ते सगळं त्याच हिशेबात बसत गेलं. शनिवारी प्रियांकाने वालाचं बिरडं केलं. सोलायला वेळ जातो म्हणून एरवी ती त्याच्या वाटेलाही जात नसे. सकुबाईच्या ताटात तिने दुसऱ्यांदा वाढलं आणि वर म्हणाली, "खावा आई, तुम्हाला आवडतं ना." निघताना स्वेटर आणून हातात दिला. "गाडीवर वारा लागतो. राहू द्या अंगात." तासाभराच्या वाटेला स्वेटर? नातीला शाळेच्या सहलीला पाठवतानाही हिने एवढी काळजी घेतली नव्हती. बरं, डोळ्याला डोळा भिडवूनही बोलली नाही. आता ती खाली वाकून लेकराची वेणी घालत होती, पण सकुबाईने ते जमेस धरलं नाही.

सकुबाईने आपली कापडी पिशवी आदल्या दिवशीच भरली होती. दोन लुगडी, बीपीच्या गोळ्या, मशेरीचा डबा, आणि लुगड्याच्या घडीत सातबाऱ्याची झेरॉक्स. ओढून नेलं असं कुणी म्हणायला नको. जायचंच तर आपल्या पायांनी जायचं आणि आपल्या लुगड्यात राहायचं, तिथलं नेसायचं नाही.

"पिशवीत काय?" साईनाथने विचारलं.

"माजं सामान."

त्याला वाटलं, बायकांचं काहीतरी असेल. तो गाडीला किक मारायला वळला.

गाडी सरळगावच्या रस्त्याला लागली. दोन्हीकडे भाताच्या कापलेल्या खाचरांत वाल हिरवा झाला होता. सकुबाई एका हाताने पिशवी आणि एका हाताने मुलाचा खांदा धरून बसली होती. याच खांद्यावर तिने त्याच्या लहानपणी दृष्ट लागू नये म्हणून काजळाचा ठिपका लावला होता. आता हाच खांदा तिला कुठे नेऊन सोडणार होता कोण जाणे. सरळगावला साईनाथने गाडी थांबवली.

"चहा घेतेस का, आये?"

"नको."

"भूक लागली का? दमलीस का?"

"एवढं कशाला इचारतोस? सरळ चल."

मोठ्या रस्त्याला लागल्यावर तिची नजर उजवीकडेच होती. निळी पाटी लांबून दिसली. पाटी जवळ आली आणि गाडी हळू झाली. आणखी हळू झाली. सकुबाईने डोळे मिटले, पिशवी छातीशी धरली आणि मनात म्हणाली, आता उतरायचं, रडायचं नाही, याच्याकडे बघायचंसुद्धा नाही. गाडीला एक धक्का बसला, मग दुसरा. मग गाडी पुन्हा पळायला लागली. तिने डोळे उघडले तेव्हा गतिरोधक मागे गेला होता आणि पाटीही. सुटल्यासारखं वाटायचं तर तिला नवीनच भीती पडली. हे नाही, तर मग दुसरं कुठलं?

मुरबाडच्या एसटी स्टँडजवळ एका गाळ्यासमोर साईनाथने गाडी लावली. दुकान चिंचोळं. काउंटरमागे पन्नाशीचा एक माणूस कपाळावर भिंग चढवून बसला होता. त्याचं नाव किशोर. साईनाथच्या कंपनीतल्या कुणीतरी त्याचं नाव सुचवलं होतं, कारण काच आणि बॅटरी सगळेच बदलतात, पण आतल्या बोर्डाला हात घालणारा अख्ख्या पट्ट्यात हा एकच.

"या भाऊ," किशोर म्हणाला. "आणली का? हीच ती तापणारी?"

साईनाथने खिशातून फोन काढायच्या आत सकुबाई पुढे झाली. "हीच. काय बघायचं ते बघ."

किशोर गोंधळला. "बसा ना मावशी तुम्ही. टाइम लागंल जरा."

ती बसली नाही. त्याने फोन उघडला, भिंग डोळ्यावर घेतलं आणि बारीक चिमट्याने आत काहीतरी चाचपत राहिला. साईनाथ काउंटरवर वाकून बघत होता. सकुबाईची नजर त्या दोघांवर होती. माल काढतोय का ते बघायचं सुद्धा ती विसरली होती. थोड्या वेळाने किशोरने भिंग वर केलं आणि मान हलवली.

"भाऊ, आयसी गेली."

"गेली?" साईनाथ म्हणाला.

"पूर्ण गेली. तिच्यात काय दम नाय राहिला."

"गेली कशी?" सकुबाईने काउंटरवर हात आपटला. आठवडाभर कुठे दडी मारून बसलेला आवाज एकदम फुटला. "जित्ती उभी हाय तुज्यापुढं! गेली म्हणे! तू कोण रे मला मारणारा? आणि तू..." ती मुलाकडे वळली, "तू ऐकून घेतोस? तुज्या आयशीला गेली म्हणतो, तू ऐकून घेतोस?"

दुकानात आलेलं एक गिऱ्हाईक दारातच थांबलं. किशोरचा चिमटा हवेत राहिला. सगळ्यात आधी त्यालाच समजलं. त्याने फोन उचलून तिच्यापुढे धरला आणि भिंग तिच्या हातात दिलं.

"मावशी, हे बघा. हा काळा चौकोन, उडदाच्या डाळीएवढा. याला आयसी म्हणतात. फोनला चार्जिंग देते ना, ती ही. ही तापते, ही गेलीय. तुम्ही नाय."

सकुबाईने भिंगातून पाहिलं. काळा चौकोन होता खरा.

"हिचं नाव आयशी?"

"आय-सी."

साईनाथ हसायला लागला. हसता हसता स्टुलावर बसला, डोळे पुसले, पुन्हा हसला. "आये, अगं तवा ओट्यावर मी यांच्याशीच बोलत व्हतो! तू ते ऐकलंस? आयसी गरम होते, ते तुला वाटलं..." दारातलं गिऱ्हाईकही हसलं. सकुबाईला ओशाळं झालं, आणि ओशाळेपणाच्या मागून एकदम हलकं वाटलं. आपला पोरगा आपलाच होता. तिने स्वेटरच्या बाहीने नाक पुसलं.

"आता करायचं काय ते बोला," किशोर म्हणाला. "आयसी बदलून देतो. पण बोर्ड जुना हाय. आज ही, उद्या दुसरं काय निघंल. सहा महिने चालंल, वर्षभर चालंल, लिहून नाय देत. बदला म्हटलं तर माझंच काम हाय, पण नवीन घ्या म्हणालात तर मी चुकीचं नाय म्हणणार."

"सांगतो," साईनाथ म्हणाला. "दोन मिनिटं थांबा. आये, ती पिशवी दे इकडं, किती वेळ धरून उभी राहशील?" त्याने पिशवी घेतली, काउंटरवर ठेवली, आणि ती एका अंगावर कलंडली. आधी मशेरीचा डबा बाहेर आला. मग गोळ्यांचं पाकीट. मग लुगड्याची घडी.

साईनाथचं हसू जागच्या जागी थांबलं. त्याने लुगडी पाहिली. दोन होती. त्याने सगळं पुन्हा आत भरलं, आईचा दंड धरला आणि तिला बाहेर गाडीपाशी आणलं.

"कुठं निघाली व्हतीस तू?"

"तू ठेवणार व्हतास तिकडं."

"मी? तुला?" त्याचा आवाज चिरकला. "हसण्यावारी नेलं मी. मला वाटलं तुला जरा राग आला असंल. तू कपडे भरून आलीस? आठ दिवस तू हे धरून बसलीस आणि माझ्या गाडीवर गप बसून आलीस?"

तिने स्वेटरची बाही मनगटापर्यंत खाली ओढली.

"एक शब्द ऐकलास नि खरा धरलास. दुसरं कोण असतं तर गोष्ट वेगळी. तू मला ओळखत नायस? आपल्या माणसाबद्दल कोण बोलतं का असं, जुनी हाय, कवर चालंल, खर्च कशाला? घरात कोण बोलतं?"

"बोलतात," सकुबाई म्हणाली.

"कोण बोलतात?"

इथे ती गप्प राहिली असती तर चाललं असतं. घरी जाऊन सगळ्यांनी हसून घेतलं असतं आणि लहानीने ती गोष्ट वर्षभर पुरवली असती. पण पोराचे डोळे भरलेले होते आणि ते तिच्यामुळे भरले होते. ज्याच्यावर आठ दिवस नाही नाही तो आळ घेतला, त्याला एवढं तरी द्यायला हवं असं तिला वाटलं.

"मी बोलले व्हते," ती म्हणाली. "तुज्या आजीबद्दल. तिच्या पोटात गाठ झाली व्हती. डॉक्टर म्हणले ठाण्याला न्या, कापून काढू. तुजा बापूस निघाला व्हता न्यायला. मीच म्हणले, म्हातारी झाली ती, कवर चालंल? तिच्यावर खर्च कशाला? तू म्हणतोस ना तेच. अक्षर न् अक्षर तेच. म्हणून तू ओट्यावर बोललास तवा मला खोटं वाटलंच नाय."

आजी गेली तेव्हा साईनाथ सात वर्षांचा होता.

"आजीच नको म्हणाली व्हती," तो सावकाश म्हणाला. "कापाकापी नको, म्हणाली. बाबा सांगायचे."

"तो तसंच सांगायचा. मरंपर्यंत तसंच सांगितलं त्यानं. माजं नाव नाय घेतलं."

दुकानातून किशोरने हाक मारली. "भाऊ, काय करू मग? बदलू का नवीन बघताय?"

"राहू दे," सकुबाई घाईने म्हणाली. "नवीनच घे. प्रियांकाला सांग, तिलाच चालू करू दे."

"बदला आयसी," साईनाथ दुकानाकडे तोंड करून म्हणाला. तिच्याकडे त्याने पाहिलं नाही. त्याने हे मायेने म्हटलं की रागाने, हे सकुबाईला समजेना. सकाळपासून जो खांदा धरून ती आली होती तो आता दोन हातांवर होता, आणि आज पहिल्यांदाच संशय घ्यायला तिच्यापाशी खरं कारण होतं. ते तिनेच आपल्या तोंडाने त्याच्या हातात दिलं होतं.

मग त्याने विचारलं. "आजीला ठाव व्हतं? तू बोललीस ते?"

सकुबाईने गाडीच्या सीटवर हात टेकला.

"तवा आपल्या घराला विटा कुठं व्हत्या रे," ती म्हणाली. "कारवीच्या कुडाची भिंत, वर शेण. पलीकडं कोण कूस बदललं तरी ऐकाय यायचं."